पट्टीमागचा चेहरा

मोठ्या रस्त्यावर तिला सगळे वेलांटी म्हणत आणि तिच्या नवऱ्याला ओळंबा, म्हणजे भिंत सरळ आहे का ते बघायची गवंड्याची वजनाची दोरी. दोघांचा धंदा एकच: जुन्या इमारतींच्या दर्शनी भिंतींवरचं प्लास्टरचं नक्षीकाम दुरुस्त करायचं. पण तिच्या हाताला वळण आवडे. वेली, फुलं, पानाच्या टोकाला शेवटी घेतलेली गिरकी, यात ती रमायची. त्याला रेघ सरळ नसली की अन्न गोड लागायचं नाही. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी आधी भिंतीवरच्या तसबिरी सरळ करायचा आणि मग बसायचा. यजमान बिचारे बघत राहायचे.

त्यांचं शहर छोटं होतं, पण त्याला गाव म्हटलेलं कुणाला खपायचं नाही. विसावं शतक उजाडताना तिथे रेल्वे आली, रेल्वेमागून पैसा आला आणि ज्याच्या गाठीला तो आला त्यानं मोठ्या रस्त्यावर इमारत उठवली. तेव्हा वेलींचे दिवस होते. खिडक्यांच्या कमानी देठासारख्या वळायच्या, बाल्कन्यांच्या लोखंडी कठड्यांतून फांद्या निघायच्या आणि छपराखालच्या पट्टीवर केस मोकळे सोडलेल्या बायकांचे चेहरे रांगेनं रस्त्याकडे बघत बसायचे. पंचवीसेक वर्षांत वारं फिरलं. नव्या मालकांना ती फुलं म्हणजे जुना पसारा वाटू लागला. मग आले पायऱ्या-पायऱ्यांचे माथे, आगबोटीसारखे गोल कोपरे आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावणारे सरळ पट्टे. रस्त्याच्या मधोमध असलेल्या बँकेनं मात्र दोन्हींकडे कानाडोळा करून देवळासारखे जाडजूड खांब उभारले. पैसे ठेवायला येणाऱ्याला धीर वाटला पाहिजे ना!

वेलांटीचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, वेलीवाल्यांतले. ओळंब्याचे वडील सरळ रेघवाल्यांतले. दोघांची गाठ पडली ती चित्रपटगृहाच्या दुरुस्तीत. त्या इमारतीला बाहेरून नुसत्या रेघा आणि आत छतभर फुलं, त्यामुळे तो बाहेरच्या बांबूच्या परांचीवर, ती आतल्या आणि दोघांत पाण्याचं पिंप एक. "पिंपावरून भांडण झालं," ती सांगायची, "भांडण काही मिटेना, म्हणून लग्न केलं." त्याचं म्हणणं, ते भांडण तो जिंकला होता. हे तो ती खोलीत नसताना सांगायचा.

त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीचं छत बघायला लोक मुद्दाम येत. अर्ध्या छतावर तिच्या वेली, अर्ध्यावर त्याचे पट्टे आणि मध्ये, तहाची सरहद्द ठरावी तसा, दिवा. एकदा तिची एक वेल हातभर सरहद्द ओलांडून गेली होती. त्यानं ती कापली नाही, फक्त तिच्या टोकापाशी एक काटकोन काढून ठेवला. तेव्हापासून ती वेल तिथेच थांबलेली आहे. संसार म्हणाल तर झकास चालला होता.

एकच खडा दाताखाली यायचा. तो खडा म्हणजे वेलांटीची आई आणि औषधवाल्यांची इमारत.

औषधाचं दुकान असलेली ती इमारत मूळची दोन मजल्यांची. तिच्या छपराखालची चेहऱ्यांची रांग आजोबांनी केलेली. चेहरा एकच होता. एकाच साच्यातून तो पुन्हा पुन्हा काढलेला, आणि तो आजोबांच्या बायकोचा. मुलगी रांगत असतानाच ती गेली. मागे तिचा फोटो नाही, चित्र नाही. मग आजोबा आपल्या मुलीला, म्हणजे वेलांटीच्या आईला, हात धरून त्या इमारतीखाली न्यायचे आणि वर बोट करून म्हणायचे, "ती बघ तुझी आई." इतर मुलांच्या आया घरात असत, हिची छपराखाली. शाळेतून येताना ती तिथे थांबायची, वर बघून दिवसभराच्या कागाळ्या सांगायची आणि घरी यायची.

ती मोठी झाली, तिचं लग्न झालं, आणि औषधवाल्यांना तिसरा मजला चढवायची लहर आली. नवा मजला अर्थातच नव्या पद्धतीचा, सरळ रेघांचा. जुनी रांग आता मधोमध आली आणि मालकाच्या डोळ्यांत खुपायला लागली. काम ओळंब्याच्या वडिलांकडे होतं. मालक म्हणाला, "छिन्नी लावा आणि उडवून टाका ती तोंडं." इमारतीभोवती कापड लागलं. कापड उतरलं तेव्हा चेहऱ्यांच्या जागी एक रुंद, गुळगुळीत, नाकासमोर जाणारी पट्टी होती. आई रस्त्यात उभी राहून रडली, आणि ज्यानं ते काम केलं त्याला तिनं जन्मात माफ केलं नाही.

पुढे लेकीनं नेमका त्याचाच मुलगा पसंत केला. लग्नात ओळंब्याचे वडील, मोजकंच बोलणारा माणूस, विहिणीसमोर येऊन म्हणाले, "बाई, मी छिन्नी लावली नव्हती." आईनं मान फिरवली. ते पुन्हा बोलले नाहीत, आणि काही वर्षांनी वारले. जावयाला ओळंबा हे नाव आईनंच ठेवलं, आणि ते काही लाडानं ठेवलेलं नव्हतं. लेकीकडे राहायला आल्यावरही ती त्याच्याशी थेट बोलत नसे. तो समोर बसलेला असला तरी लेकीला म्हणायची, "त्यांना विचार, चहा घेणार का." तोही तसाच. "सांग, अर्धा कप." मध्ये वेलांटी टपाल खात्यासारखी.

"काय हो, खरंच लावली नसेल का त्यांनी छिन्नी?" वेलांटी कधी कधी विचारायची.

"बाबा खोटं बोलत नसत," तो म्हणायचा. पण बघितलं तर त्यानंही नव्हतं.

आई ऐंशीला टेकली तेव्हा ती पट्टी फुगली. तिसऱ्या मजल्यावरून पाणी मुरत होतं आणि पट्टीला पोट आलं होतं. कधी कुणाच्या डोक्यात कोसळेल सांगता येत नव्हतं. औषधवाल्यांच्या नातवानं एका वास्तुविशारद बाईंना बोलावलं. बाई हुशार होत्या आणि मोकळ्याही. खालच्या मजल्यांना त्या आर्ट नूव्हो म्हणायच्या आणि वरच्याला आर्ट डेको, आणि दोन्हींवर त्यांचा सारखाच जीव. पट्टी उतरवायची, मागे काय आहे ते बघायचं आणि मग पुढचं ठरवायचं, असं त्यांनी सांगितलं. काम अर्थात या दोघांकडे आलं.

घरी बातमी कळली तशी आईनं हातातली वाटी खाली ठेवली.

"माझे डोळे आता जायला लागलेत," ती लेकीला म्हणाली. "तिचं काही उरलं असेल तर डोळे आहेत तोवर मला दाखव. नसेल उरलं, तर तेही सांग. गोड बोलून फसवू नकोस."

ओळंबा कोपऱ्यात थापी पुसत होता. ती पुसून झाली होती, तरी तो पुसत राहिला.

ज्या सकाळी पट्टी उतरवायची होती, त्या सकाळी तो पोहे तसेच ठेवून उठला. वेलांटीला त्याची दया आली आणि स्वतःची भीतीही वाटली. मागे छिन्नीचे घाव निघाले तर हा माणूस सासूसमोर कसा बसेल? आणि आपण याच्यासमोर कशा बसू? दोघं परांचीवर चढली.

त्यानं पट्टीच्या शिवणीत पातळ पातं सरकवलं आणि हलकेच दाबलं. एवढं जुनं सिमेंट, त्यानं खरं तर भिंतीचा लचका तोडूनच निघायचं. पण एक अख्खा तुकडा अलगद सुटून दोघांच्या हातात आला. जड होता. त्यांनी तो तसाच फळीवर ठेवला आणि भिंतीकडे पाहिलं.

छिन्नीचा एकही घाव नव्हता. वेलांटीनं भिंतीवरून बोट फिरवलं. बोटाला पिवळट, मेणचट थर लागला. तिनं पाण्यात बुडवून तो चोळला आणि त्याला फेस आला.

"साबण," ती म्हणाली.

या धंद्यातल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. साच्यात प्लास्टर ओतण्याआधी आत साबण फासतात, म्हणजे ओतलेलं साच्याला चिकटत नाही आणि साचाही दुखावत नाही. जे फोडायचं त्याला कुणी साबण फासत नाही. ओळंब्याच्या वडिलांनी मालकाचं ऐकल्यासारखं केलं होतं, कापडाआड एकेका चेहऱ्याला, केसांच्या बटांत आणि नाकपुड्यांत, ब्रशनं साबण लावला होता आणि वरून पट्टी चढवली होती. पुन्हा कधी कुणाला हवे झाले तर चेहरे तसेच्या तसे सापडावेत, म्हणून.

ओळंबा फळीवर बसला. त्याला एकदम वडिलांची आठवण आली, तोंड भरून बोलू न शकणाऱ्या त्या माणसाची. त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि त्यांत चुना गेला म्हणाला. आज चुन्याचं कामच नव्हतं.

तिचं लक्ष भिंतीकडे होतं. साबणानं चेहरे वाचवले होते, पण पाण्यानं त्यांना गाठलं होतं. पट्टी आणि भिंत यांच्या फटीत वर्षानुवर्षं पाणी मुरलं आणि आतले चेहरे चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे सुजून, विरघळून गेले. कुठे एक कान, कुठे बटेचं टोक. दुसरा तुकडा काढला, तिसरा काढला, तेच. रांग संपेपर्यंत एकही नाक, एकही डोळा जाग्यावर नव्हता. आता आईला काय सांगायचं या विचारानं तिला रडू कोसळलं. खाली वास्तुविशारद बाई मान वर करून उभ्या होत्या.

"रडू नकोस," ओळंबा म्हणाला. काहीतरी करायचं म्हणून त्यानं पहिला तुकडा उचलून उलटा केला, मागची धूळ झटकली आणि कठड्याला टेकवून ठेवला. त्यावर तिरकं ऊन पडलं.

तिथून एक बाई वेलांटीकडे बघत होती.

वेलांटी दचकून मागे सरली, तर त्या बाईची नजर तिच्याबरोबर फिरली. तिनं हात पुढे केला, गालाला लावायला, आणि हात आत गेला. गाल नव्हता, गालाची पोकळी होती. नाकाच्या जागी खळगा, ओठांच्या जागी दोन घड्या. ओळंब्याच्या वडिलांनी ताज्या साबणावर पट्टी थापली तेव्हा सिमेंटनं आजीचा चेहरा जसाच्या तसा उचलून घेतला होता. खरे चेहरे पाण्यानं नेले, आणि सरळ रेघेच्या माणसाच्या सरळ पट्टीनं तो आपल्या पोटात जपून ठेवला. सगळ्या तुकड्यांत हा एकच असा धड, बाकीचे तडकलेले.

"साचा आहे," वेलांटी हसत-रडत म्हणाली. "अहो, तुमच्या बाबांनी साचा करून ठेवलाय!"

वास्तुविशारद बाई तशाच साडीनिशी परांची चढून वर आल्या आणि बराच वेळ त्या पोकळीकडे बघत राहिल्या. दोन्ही काळ या भिंतीचे आहेत, त्यांनी ठरवलं. पट्टी पुन्हा घालायची, फक्त दुकानाच्या दारावर ती एका चेहऱ्यापुरती उघडी ठेवायची. पट्टी ओळंब्यानं करायची आणि चेहरा वेलांटीनं. यावर दोघांचं एकमत झालं, ही गोष्ट रस्त्यावर बरेच दिवस चर्चेत होती.

तुकडा घरी मागच्या शेडमध्ये आला. वेलांटीनं पोकळी मऊ ब्रशनं साफ केली आणि आत साबण फासला, कपाळाच्या घडीत, नाकपुड्यांत, बटांच्या आतपर्यंत. तिच्या हाताखाली तेच खाचखळगे येत होते जे कधी काळी सासऱ्यांच्या हाताखाली उंचवटे होऊन आले असतील. जिवंतपणी त्या माणसाला तिनं धड पाणीसुद्धा मनापासून विचारलं नव्हतं, आईच्या रागापायी. त्या वागण्याची तिला फार लाज वाटली. मग तिनं प्लास्टर ओतलं आणि दोघं वाट बघत बसली.

चेहरा निघाला तो स्वच्छ निघाला. परातीएवढा, जड, बटांची टोकं जिथल्या तिथे. ओलसर असतानाच दोघांनी तो पुढच्या खोलीत आणून टेबलावर भिंतीला टेकवून उभा केला. ओळंब्यानं तो नीट काटकोनात बसवला. आईला खुर्चीसकट जवळ आणलं.

आईनं चष्मा लावला. वाकून पाहिलं. हातानं चाचपलं.

"ही नव्हे," आई म्हणाली.

"आई, नीट बघ."

"बघितलं. कपाळ केवढं पुढं आलंय! पापण्या सुजल्यासारख्या, आणि हनुवटी? हनुवटीच नाही. माझी आई देखणी होती. ही कोण आणलीत?" तिचा आवाज चढला, मग एकदम बारीक झाला. "यांच्या वडिलांनी मोडूनतोडून काहीतरी भलतंच करून ठेवलं. मला वाटलंच होतं."

ओळंबा उठून मागच्या शेडमध्ये गेला आणि हत्यारं आवरायला लागला. त्याचा आवाज येत होता, वस्तू एकेक करून जागेवर ठेवल्याचा. आई चष्मा काढून मांडीवर धरून बसली होती. वेलांटीला आईचा राग आला आणि तिच्याकडे बघवेनाही. जिनं आयुष्यभर वाट पाहिली तिच्यासमोर आपण नको ती बाई आणून ठेवली, असं तिला झालं. चेहऱ्याखालून ओघळलेलं पाणी जमिनीवर पसरत होतं, ते पुसायला ती फडकं घेऊन टेबलाच्या पायाशी बसली.

पुसता पुसता तिनं मान वर केली.

टेबलाच्या कडेवरून एक तरुण मुलगी खाली बघत होती. कपाळ आता पुढे नव्हतं, पापण्यांखाली हसरे डोळे उघडले होते आणि हनुवटी ओठांखाली नीट बसली होती. वेलांटी उठली, तर कपाळ पुढे आलं आणि पापण्या मिटल्या. पुन्हा बसली, तर मुलगी परत आली.

तिनं कपाळावर हात मारून घेतला. उंचावरचा चेहरा खालून बघायसाठी घडवतात, कपाळ पुढे काढतात, पापण्या जड करतात, म्हणजे रस्त्यावरून तो सरळ दिसतो. हे तिला आजोबांनी फ्रॉकच्या वयात शिकवलं होतं. आयुष्यभर छपराखाली नक्षी चिकटवणाऱ्या दोन शहाण्यांनी आईला तिची आई टेबलावर, नाकासमोर दाखवली होती! आणि आईनं ती कधी नाकासमोर पाहिलीच नव्हती. पोरीनं बघितली ती मान वर करून.

"अहो!" ती ओरडली. "सगळं टाका आणि या! उंच स्टूल आणा!"

ओळंबा स्टूल घेऊन आला. तिनं कारण सांगितलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात काय कधी विचारायचं नाही ते त्याला कळलं होतं. तो स्टुलावर चढला. तिनं चेहरा उचलून दिला, त्यानं तो दोन्ही हातांत पेलून छातीशी धरला आणि मग डोक्याच्या वर नेला, अर्ध्या वेली आणि अर्ध्या पट्ट्यांच्या त्या छतापर्यंत. वेलांटीनं आईची खुर्ची बरोबर खाली ओढली.

"आई, वर बघ."

"काय बघू? मान दुखते माझी."

"शाळेतून येताना बघायचीस तशी बघ."

आईनं चष्मा चढवला आणि मान वर केली. ओळंब्यानं सवयीनं चेहरा भिंतीशी समांतर, अगदी ओळंब्यात धरला होता.

"थोडा पुढं वाकवायला सांग," आई हळूच म्हणाली.

"त्यांना ऐकू येतं, आई. तूच सांग."

वरती तो चेहरा पेलून उभा होता. साठीच्या घरातला माणूस, आणि प्लास्टर अजून ओलं, जड. आईचे ओठ दोनदा हलले.

"जावईबापू," ती म्हणाली, "जरा पुढं वाकवा."

त्यानं वाकवला.

आईचा हात आपोआप तिच्या स्वतःच्या हनुवटीकडे गेला आणि तिथेच राहिला. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या कुठे गेल्या कोण जाणे. मग दुसऱ्या खोलीतल्या माणसाला हाक मारतात तशी तिनं हाक मारली, "आई."

वेलांटी खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. तिला काही दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते.

बराच वेळ गेला. ओळंब्याच्या कपाळावरून घाम गळायला लागला आणि चेहरा अगदी किंचित सरळ होऊ लागला.

"सरळ नका करू," आई वरून नजर न काढता म्हणाली. "मला हिला पुष्कळ काही सांगायचंय. तुमच्या वडिलांचंसुद्धा सांगायचंय. तोवर असंच वाकडं धरा, जावईबापू."

"धरतो, आई," ओळंबा म्हणाला, आणि वाकडं धरून उभा राहिला.